सहा तास चाळीस मिनिटं

पत्र सव्वाअकराला आलं. पाकिटात घालून, तिकीट चिकटवून, पत्त्याखाली पट्टीने रेघ ओढून आलेलं. हल्ली कागदावर पत्रं दोनच प्रकारची माणसं पाठवतात, वकील आणि निवृत्त शिक्षक. आणि वकील रेघा ओढत नाहीत. पत्र भूमितीच्या एका निवृत्त शिक्षकांचंच निघालं. ‘आपल्या डायरीच्या पान ३७१ वर,’ त्यांनी लिहिलं होतं, ‘आपल्या शहरापासून जगातील प्रमुख शहरांची हवाई अंतरे व उड्डाणाचा वेळ दिला आहे. त्यातील सतराव्या ओळीवर विसंबून मी गेल्या महिन्यात प्रवास केला. सहा तास पस्तीस मिनिटे होताच मी बूट घातले, टोपी घातली, पिशवी मांडीवर घेतली व उतरण्यास सज्ज झालो. विमान त्यानंतर साडेचार तास उडत होते. तेवढा वेळ मी टोपी घालून बसलो होतो. शिवाय सोळाव्या ओळीतील शहर वाटेत लागते, ते आपण सहा हजार शंभर किलोमीटरवर दाखवले आहे आणि त्याच्या पुढचे शहर पाच हजार दोनशेवर. हे कोणत्या भूमितीत बसते, याचा कृपया खुलासा व्हावा.’ त्याने पत्र दोनदा वाचलं. गेली अकरा वर्षं हे पत्र कोणीतरी लिहिणार म्हणून तो धास्तावून होता, आणि आता ते प्रत्यक्ष हातात आल्यावर त्याला पहिल्यांदा वाटलं ते इतकंच, की बिचाऱ्याने टोपी तरी काढायची होती.

डायरी छापणाऱ्या त्या कंपनीत त्याचं काम मागच्या पानांचं होतं. पुढची तीनशे पासष्ट पानं म्हणजे नुसत्या रेघा आणि तारखा. वाचण्यासारखा मजकूर काय तो मागे. साप चावला तर काय करावं, एका घनफुटात किती लिटर, बुटांची मापं, दात येण्याची वयं, प्राण्यांचे गर्भकाळ, शहरांची अंतरं. तीस वर्षं हे सगळं तो एकटा सांभाळत आला होता आणि त्यामुळे कचेरीत त्याला सगळे ‘मागची पानं’च म्हणत. मागची पानं आली का, मागची पानं जेवायला गेली, मागच्या पानांना सर्दी झालीय. त्याला त्याचं काही वाटत नसे. उलट आतून थोडा अभिमानच होता. हत्तिणीचा गर्भकाळ बावीस महिने की साडेएकवीस, यासाठी त्याने एकदा प्राणिसंग्रहालयात सात वेळा फोन केला होता, आणि सातव्या वेळी तिथल्या डॉक्टरांनी ‘तुमच्या घरी आहे का हो हत्तीण?’ असं विचारलं, तरी तो हटला नव्हता. हत्तिणीला त्याने कधी एका दिवसाची सूट दिली नाही. सूट दिली ती एकदाच, सतराव्या ओळीला, आणि ती साधीसुधी नव्हती. तीन हजार पाचशे दहा किलोमीटर त्याने लाल शाईने गिळले होते.

मुलीला सतराव्या ओळीतल्या त्या शहरात नोकरी लागली, ते अकरा वर्षांपूर्वी. महिनाभर घरात कुणी धड बोलत नव्हतं. बायकोचं एकच पालुपद, इतक्या लांब नाही म्हणजे नाही. लांब म्हणजे किती, तर तिच्या डोक्यात दोन दिवस, दोन रात्री आणि मध्ये कुठेतरी उतरून चौकशी, असं काहीतरी होतं. मग एका संध्याकाळी मुलीने तिकीटच आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि स्वतः दारात उभी राहिली, पळायला सोपं जावं म्हणून. बायकोने चष्मा लावला. सुटण्याची वेळ सकाळी आठ दहा. पोचण्याची वेळ दुपारी दोन पन्नास. बोटांवर तिने हिशेब केला, पुन्हा केला, आणि महिनाभरात पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला. ‘अगं बाई! सहा तास चाळीस मिनिटं? एवढंच? मग आधी का नाही सांगितलंत?’ आता हे तर त्याचं घरचं दुकान. पोचण्याची वेळ तिथल्या घड्याळाची असते, तिथलं घड्याळ साडेचार तास मागे असतं, म्हणून विमान हवेत अकरा तास दहा मिनिटं असतं, हे सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. त्याने तोंड उघडलंही. तेवढ्यात दारातून मुलीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तोंड मिटलं.

तिथेच थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण बायकोचा तिकिटापेक्षा त्याच्यावर विश्वास. ‘तुमच्या पुस्तकात काय दिलंय, बघू,’ ती म्हणाली. तो आतल्या खोलीत गेला. टेबलावर त्या वर्षीची प्रुफं पडली होती आणि सतराव्या ओळीत खरं ते सगळं नीट छापलेलं होतं, आठ हजार सातशे दहा किलोमीटर, अकरा तास दहा मिनिटं. त्याने लाल पेन काढलं आणि वेळ खोडून समासात सहा तास चाळीस लिहिलं. मग सवयीने त्याच्या लक्षात आलं, की एवढ्या वेळात एवढं अंतर जायचं तर विमानाचा वेग भलताच होतो. खोट्यालाही काही शिस्त हवी. त्याने ताशी सातशे ऐंशी धरून गुणाकार केला आणि पाच हजार दोनशे लिहिलं. लाल शाईतली दुरुस्ती पाहून बायकोची खातरीच पटली. नुसतं छापलेलं चुकू शकतं, पण तपासून सुधारलेलं कसं चुकेल? उद्या सकाळी कचेरीत गेल्यावर पूर्ववत करू, असं त्याने ठरवलं होतं. सकाळी मुलीची बॅग बंद होत नव्हती. तिच्यावर बसायला तिघं लागली. त्या गडबडीत कचेरीचा शिपाई येऊन प्रुफं घेऊन गेला, तो कचेरीत पोचला तेव्हा ती छपाईला गेली होती आणि त्याने ती परत मागवली नाहीत. मागवता आली असती. हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं.

त्यानंतर दर वर्षी नवी डायरी घरी आली, की बायको आधी पान ३७१ उघडायची आणि सतराव्या ओळीवर बोट ठेवायची. लेक तेवढ्याच अंतरावर आहे ना, सरकली तर नाही ना, एवढं बघून डायरी मिटायची. दर वर्षी तो ठरवायचा, यंदा दुरुस्त करू, आणि दर वर्षी ते बोट डोळ्यांसमोर यायचं. हळूहळू सहा तास चाळीस मिनिटं हे घरातलं एक मापच होऊन बसलं. तेवढ्या वेळात स्वेटरची एक बाही आणि गळा होतो. तेवढ्या वेळात भिजवलेल्या चादरी वाळतात. लग्नकार्यात कुणी ‘मुलगी फार लांब हो तुमची’ असं हळहळलं, की बायको म्हणायची, ‘लांब कुठली? तुमच्या घरी यायला परवा आम्हाला गाडीने सात तास लागले.’ घड्याळातला साडेचार तासांचा फरक तिला पुढे फोन करून करून तोंडपाठ झाला. पण तो फरक फोनसाठी असतो, विमानाचा त्याच्याशी काय संबंध, असं तिचं मत होतं आणि त्या मताला धक्का लावण्याचं काम ज्याचं होतं, तो वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसायचा.

‘मागची पानं आहेत का?’ म्हणत धाकटे मालक आत आले. थोरले मालक असते तर त्यांनी पत्र फाइलला लावून विषय संपवला असता, पण धाकट्यांना ग्राहकाच्या समाधानाचं शिबिर करून आल्यापासून कशालाही तत्काळ उत्तर द्यायची हौस होती. त्यांनी पत्र वाचलं आणि हसले. ‘काका, मी काय म्हणतो, हे पानच काढून टाकू या. आजकाल फोनवर सगळं दिसतं. त्या जागी आपल्या नव्या गोदामाचा फोटो टाकू. चारला पानं छपाईला जायचीत, त्याआधी करून टाका.’

आता खरं तर त्याने टेबलाखाली दोन्ही हात जोडायला हवे होते. पानच नाही तर ओळ नाही, ओळ नाही तर चूक नाही. बायको नवी डायरी उघडेल, तिथे गोदाम दिसेल, ती विचारेल हे काय, आणि तो म्हणेल, धाकट्या मालकांचं डोकं; हे तिला लगेच पटण्यासारखं होतं. अकरा वर्षांचं झेंगट एका गोदामाखाली कायमचं गाडलं जाणार होतं. पण त्याने स्वतःला बोलताना ऐकलं, ‘पान राहील.’

‘का?’

‘त्याच्या पाठीमागे हत्तीण आहे.’

‘कोण हत्तीण?’

‘गर्भकाळ,’ तो म्हणाला. धाकट्या मालकांना शिबिरात याचं उत्तर शिकवलेलं नसावं. ‘बरं, राहू दे. पण मग बरोबर करून द्या,’ एवढं बोलून ते गेले.

बरोबर करून द्या. प्रूफ समोर होतं, पेन समोर होतं, घड्याळात बारा वाजून गेले होते. दोन आकडे बदलायला दहा सेकंद लागतात. अडचण आकड्यांची नव्हतीच. येत्या मंगळवारी त्याला आणि बायकोला त्याच विमानाने जायचं होतं. मुलीला बाळ होणार होतं, महिना उरला होता, आणि अकरा वर्षं ‘विमान म्हणजे आपलं काम नाही’ म्हणणारी बायको एका फोनवर तयार झाली होती. मुलीने पाठवलेल्या तिकिटावरही तेच, आठ दहा आणि दोन पन्नास. बायकोने पुन्हा बोटांवर हिशेब केला होता आणि म्हणाली होती, ‘बघा, अकरा वर्षांत एका मिनिटाचा फरक नाही. याला म्हणतात काम.’ तिला आता खरं सांगावं तर ती येणार नाही, ही त्याची भीती. लेक तिकडे एकटी, आणि ही तिकीट फाडून मोकळी. आणि न सांगावं, तर विमानात सहा तास चाळीस मिनिटांनी ती टोपी घालून बसणार. टोपी नाही, शाल. पण चेहरा त्या शिक्षकांचाच असणार.

आणि तो चेहरा त्याने एकदा पाहिला होता, हेच तर सगळ्यात वाईट होतं. मुलगी गेली त्या दिवशी विमान आठ दहाला सुटलं. पावणेतीनला बायको स्टूल ओढून फोनपाशी येऊन बसली, हातात विणकाम. तीन वाजता त्याने म्हटलं, सामान यायला वेळ लागतो. साडेतीनला म्हटलं, रांगा असतात. सव्वाचारला म्हटलं, तिथे लगेच फोन मिळत नसेल. पाच वाजल्यानंतर तिने विचारणंच बंद केलं. सुया लोकरीत तशाच अडकून राहिल्या आणि ती फोनकडे पाहत राहिली. एक वाक्य बोलायचं होतं. विमान अजून हवेत आहे, सव्वासातनंतर उतरेल, मी चुकलो. ते वाक्य सोडून त्या साडेचार तासांत त्याने काय केलं, तर घरातले तिन्ही पंखे पुसले. दुसऱ्या स्टुलावर चढून, पातं न् पातं, ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या. पावणेआठला फोन वाजला तेव्हा तो तिसऱ्या पंख्यापाशी होता. बायको ‘पोचलीस?’ एवढंच म्हणाली आणि मोठ्याने रडली, आणि तो वर स्टुलावर, हातात फडकं घेऊन, छताकडे बघत उभा. त्यानंतर त्या घरातले पंखे पुसायची वेळ आली, की त्याला काहीतरी दुसरं काम निघायचं.

दीड वाजता टेबलावरचा फोन वाजला आणि तो दचकला. बायकोच होती. ‘अहो, ऐकताय ना? मी लोकरीचे दोनच गुंडे घेतेय बरोबर. एक बाही नि गळा, तेवढ्यात उतरायचं येतंच. तिसरा कशाला उगीच?’

‘घे तिसरा.’

‘कशाला पण?’

‘असू दे गं.’

‘तुम्हाला काय जातंय सांगायला, बॅग मी भरतेय. आणि ऐका, पोरीने पुन्हा तेच लावलंय. म्हणे आई, अकरा तास धरून चाल, पाय सुजतील, मोजे घाल. मी म्हटलं, तुझी विमानं रखडत असतील. बाबांनी छापलंय ते काय उगीच? तीस वर्षं माणूस तेच करतोय. गप्प बसली. तिला वाटतं, दोन-चारदा जाऊन-येऊन तिलाच सगळं कळतं.’

त्याने फोन ठेवला. म्हणजे मुलगी अकरा वर्षं खरं सांगत होती, आणि आई तिला अकरा वर्षं खोटं पाडत होती, त्याच्या जिवावर. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि मुलीने तरी कधी त्याचं नाव पुढे केलं नव्हतं. दारातल्या त्या एका नजरेची परतफेड ती इतकी वर्षं करत होती. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत. त्याने पेनाचं टोपण काढलं आणि सतराव्या ओळीत आठ हजार सातशे दहा लिहिलं, अकरा तास दहा मिनिटं लिहिलं, बाजूला सही केली, आणि चारची वाट न पाहता प्रूफ स्वतः जिना उतरून छपाईवाल्यांच्या हातात दिलं. वर येऊन शिक्षकांना उत्तर लिहिलं: ‘आपली भूमिती बरोबर आहे. चूक घरगुती कारणाने झाली होती. आपल्याला साडेचार तास टोपी घालून बसावे लागले याबद्दल मी व्यक्तिशः दिलगीर आहे.’ मग दुरुस्त पानाची एक प्रत घडी करून खिशात घातली आणि तो घरी निघाला.

बायको जमिनीवर उघड्या बॅगेसमोर बसली होती. त्याने चप्पलही न काढता तो कागद तिच्यापुढे धरला, कारण चप्पल काढली असती तर धीर गेला असता. तिने चष्मा लावला, सतराव्या ओळीवर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं.

‘हे काय?’

‘हे खरं आहे. आधीचं मी... तू खूश झाली होतीस, म्हणून केलं.’

तो मनातल्या मनात तिकिटं फाडल्याचा आवाज ऐकत होता. मग तिने विचारलं, ‘म्हणजे त्या दिवशी मी फोनपाशी बसले होते, तेव्हा विमान हवेतच होतं?’

‘हो.’

‘साडेचार तास?’

‘हो.’

‘आणि तुम्हाला माहीत होतं.’

‘मी पंखे पुसत होतो,’ तो म्हणाला, आणि हे आपण का बोललो ते त्यालाच कळलं नाही.

‘त्या साडेचार तासांत माझी पोरगी गेली होती हो,’ बायको म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. ‘माझं रडून झालं होतं मनातल्या मनात. तिचे कपडे कुणाला द्यायचे इथवर आले होते मी. तेव्हाच ठरवलं, हे विमान नको. म्हणून अकरा वर्षं गेले नाही तिच्याकडे. ती बोलवायची, मी गुडघ्याचं निमित्त सांगायची. गुडघा काही दुखत नाही माझा.’

तो उभाच होता, चप्पल घालून. लेक जवळ यावी म्हणून त्याने पृथ्वी साडेतीन हजार किलोमीटरने आखूड केली होती, आणि त्यापायी तिची आई अकरा वर्षं तिच्याकडे फिरकली नव्हती. इतका चोख हिशेब त्याने कुठल्या पानावर केला नव्हता. बायको उठली. कपाटातून लोकरीचा तिसरा गुंडा काढला, मग चौथा काढला, आणि दोन्ही बॅगेत दाबून बसवले. मग पायमोजे टाकले. म्हणजे ती येणार होती. त्याला एवढं हायसं वाटलं, की तो ‘चहा टाकू का?’ असं विचारून बसला. तिने बॅगेकडे बघत उत्तर दिलं, ‘ज्यांना हवा त्यांनी टाकावा.’ मंगळवारपर्यंत ती त्याच्याशी अशीच बोलली, कधी बॅगेमार्फत, कधी कपाटामार्फत, आणि एकदा तर शेजारणीला मुद्दाम बोलावून तिच्यामार्फत.

विमान आठ दहाला सुटलं. तीस वर्षं विमानांच्या वेळा छापणाऱ्या माणसाने विमान आतून पहिल्यांदाच पाहिलं आणि पट्टा लावताना तो शेजारच्या प्रवाशाच्या पट्ट्यात अडकवला. बायको खिडकीशी बसून विणत होती. एक बाही झाली, गळा झाला. आपल्या घड्याळात दोन पन्नास झाले तशी तिने सुया खाली ठेवल्या आणि खिडकीतून खाली पाहिलं.

‘अहो,’ ती म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदाच तिने थेट हाक मारली. ‘खाली काय आहे?’

तो वाकला. ‘पाणी. समुद्र आहे.’

‘नीट बघा. एखादं बेट-बिट?’

‘नाही गं. नुसता समुद्र.’

‘म्हणजे पोरीला तुम्ही इथे उतरवली होतीत,’ ती म्हणाली. ‘अकरा वर्षं.’

समोरच्या छोट्या पडद्यावर उरलेलं अंतर दिसत होतं, तीन हजार पाचशे दहा किलोमीटर. त्याने तो आकडा ओळखला. बायकोने मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. ‘हे धरा. आता साडेचार तास तुम्ही बसा. झोपायचं नाही, वाचायचं नाही आणि उठून काही पुसायचं तर मुळीच नाही.’ एवढं बोलून तिने शाल अंगावर घेतली आणि डोळे मिटले.

तो बसला. तीन वाजले. मग तीन वाजून चार मिनिटं झाली. मधल्या चार मिनिटांत त्याने सबंध आयुष्य आठवून पाहिलं होतं, तरी चारच. साडेतीनला त्याच्या मनात आलं, रांगा. सव्वाचारला त्याच्या मनात आलं, फोन. पाचला विमान जरासं हललं आणि त्याने घड्याळ मुठीत आवळलं, आणि आपण स्वतः आत असून, सगळं ठाऊक असूनही हे असं होतं, तर तिला त्या स्टुलावर काय झालं असेल, ते त्याला कळलं. त्याचे डोळे भरून आले. हवाईसुंदरीने वाकून विचारलं, ‘काका, काही हवंय का?’ त्याने मान हलवली. घड्याळ मुठीत गरम झालं होतं.

बायकोने शालीतून डोकं बाहेर काढलं. ‘आलो का?’

‘नाही. अजून दोन तास दहा मिनिटं.’

‘नक्की?’

त्याने घड्याळाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. ‘दोन तास आठ,’ तो म्हणाला. ‘बघण्यात दोन गेली.’

‘मग झोपते,’ ती म्हणाली, आणि डोकं खिडकीऐवजी त्याच्या खांद्यावर टेकून खरंच झोपली. खांदा थोड्याच वेळात अवघडला. त्याने तो हलवला नाही. अजून दोन तास सात मिनिटं हलवायचा नव्हता.